ओढणं सोपं, थांबवणं अवघड



गेल्या महिन्यात शनिवारच्या वर्गाला आम्ही आमचं मोटरहोम घेऊन आलो होतो. तिथूनच पुढे सहलीला जायचं होतं, म्हणून मागे आमची जुनी यूटही जोडलेली होती. यूट म्हणजे आपल्याकडे गावाला ज्याला 'पिकअप' म्हणतात ती गाडी, पुढे दोन माणसं आणि मागे सामानाचा उघडा हौदा. ती पाहून वर्गातल्या दोघांनी मला गाठलं. "काका, त्या मागच्या गाडीत कुणीच बसलेलं नाही, मग ती वळते कशी?" आणि दुसरा प्रश्न, "तिचा ब्रेक कोण दाबतं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी उभ्या उभ्या दिलं. दुसऱ्याला मात्र "सांगतो नंतर" म्हणून वेळ मारून नेली. बाईंनी हे ऐकलं आणि फर्मान सोडलं, "आता अंकासाठी लिहूनच द्या." मी पडलो कॉम्प्युटरवाला. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात घोकलेलं थोडं आठवतंय, आणि या यूटने मला एक धडा असा शिकवलाय की तो जन्मात विसरणार नाही. तोही सांगतो, पण आधी थोडा इतिहास.

ते, तो, वाका!

आपण राहतो ते ओटाहुहु मुळातच ओढाओढीचं गाव आहे बरं का! नकाशा काढून बघा. पूर्वेकडून तामाकी नदीची खाडी आत घुसते आणि पश्चिमेकडून मनुकाऊ बंदराचं पाणी येतं. दोन्हींच्या मधे उरतो तो जेमतेम सव्वा किलोमीटरचा जमिनीचा पट्टा. माओरी लोक शेकडो वर्षं आपल्या होड्या इथे एका पाण्यातून बाहेर काढत, जमिनीवरून ओढत नेत आणि दुसऱ्या पाण्यात सोडत. एवढं केलं की किनाऱ्याला लांबलचक वळसा घालायला नको. तैनुई नावाची प्रसिद्ध होडीसुद्धा इथूनच ओढून नेली, असं माओरी परंपरा सांगते. या वाटेचं नाव 'ते तो वाका'. आपल्याला वाटेल ही सर्वनामं आहेत आणि पुढे कुणीतरी कवायतीत "वाका!" म्हणतंय. पण माओरीत 'तो' म्हणजे ओढणं आणि 'वाका' म्हणजे होडी. होड्या ओढण्याची जागा! आपला पोर्टेज रोड त्याच वाटेची आठवण आहे. पुढे इंग्रजांच्या काळात इथे कालवा खणायचं घाटत होतं, त्यासाठी १९०८ मध्ये कायदाही झाला. कालवा मात्र कधी झालाच नाही.

आता एक गंमत बघू. समजा, होडी ३००० किलोची आहे. लाकडावरून लाकूड घसरत न्यायचं, तर तिच्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाइतका जोर लागेल असं धरू. म्हणजे ७५० किलोचा जोर. एका माणसाने २५ किलोचा जोर सतत लावला, तरी तीस माणसं हवीत. सगळ्यांनी एका तालात ओढायचं, एकाने जरी सूर सोडला तरी होडी अडली!

चाकाची करामत

तीच ३००० किलोची वस्तू चाकांवर ठेवा. सपाट डांबरी रस्त्यावर रबरी टायर फिरवत ठेवायला वजनाच्या शंभरात एक-दीड हिस्सा जोर पुरतो. म्हणजे पंचेचाळीस किलो. दोन माणसांचं काम! बंद पडलेली मोटार दोघं-तिघं ढकलत नेताना तुम्ही पाहिलंच असेल. आमची यूट रिकामी १४०० किलोची आहे. सपाटीवर तिला चालती ठेवायला साधारण वीस किलोचा जोर लागतो. मोटरहोमच्या इंजिनाला हे म्हणजे हत्तीच्या पाठीवर पोपट.

पण थांबा. होडी ओढणाऱ्यांनी हात सोडले तर काय होईल? काहीच नाही. होडी जागच्या जागी थांबेल, कारण घर्षण तिला धरून ठेवतं. आणि यूट ओढणाऱ्याने सोडली तर? ती चालतच राहील. न्यूटनसाहेबांनी सांगून ठेवलंय, चालती वस्तू आपण होऊन थांबत नाही, तिला थांबवावं लागतं. चाकाने ओढायचं काम सोपं केलं ते घर्षण कमी करून. पण थांबवण्याच्या वेळी तेच घर्षण आपल्या कामाचं असतं! म्हणून लक्षात ठेवा, चाकावरच्या ओझ्याचं ओढणं सोपं, थांबवणं अवघड. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे.

मागची गाडी वळते कशी?

आमच्या यूटच्या पुढच्या बाजूला, सांगाड्याला, एक लोखंडी त्रिकोण जोडलेला आहे. दिसायला इंग्रजी 'ए' अक्षरासारखा, म्हणून त्याला ए-फ्रेम म्हणतात. त्रिकोणाचे दोन पाय यूटला आणि टोक मोटरहोमच्या मागच्या गोळ्याला. चारही चाकं रस्त्यावर. यूटच्या पुढच्या चाकांची बैठक अशी तिरपी असते की पुढे ओढलं की ती आपोआप ओढीच्या दिशेला वळतात. सुपरमार्केटमधली ढकलगाडी आठवा. तिची पुढची छोटी चाकं कुणी वळवतं का? आपण नेऊ तिकडे ती फिरतात, तसंच हे.

पण तीच ढकलगाडी एकदम मागे ओढून बघा. पुढची चाकं गर्रकन उलटी फिरतात आणि गाडी भलतीकडेच जाते. यूटचंही तेच होतं. म्हणून ए-फ्रेमवर गाडी असताना मागे घ्यायचं नाही. चाकं पूर्ण वळून आडवी होतात आणि फ्रेम वाकते. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायची, नाहीतर भर गर्दीत उतरून यूट सोडवत बसावं लागतं.

अजून दोन गोष्टी. किल्ली काढली की स्टिअरिंगला कुलूप बसतं, हे पालकांना माहीत आहे. ओढायच्या गाडीचं ते कुलूप उघडं ठेवावं लागतं, नाहीतर चाकं वळणारच नाहीत, नुसती फरफटत येतील. आणि गिअर न्यूट्रलमध्ये हवा. आमची यूट साध्या गिअरची, मागच्या दोन चाकांवर चालणारी आहे. ऑटोमॅटिक गाडी असली तर सावधान! बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिन चालू असेल तरच चालतो. इंजिन बंद ठेवून मैलोन्‌मैल ओढलं तर आतली चाकं कोरडी फिरतात आणि गिअरबॉक्स जळतो. आपली गाडी ओढून न्यायला चालते की नाही, हे तिच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. चालत नसेल तर तिला ट्रेलरवर चढवून न्यायची.

थांबवण्याचं गणित

आता तो राहिलेला प्रश्न, ब्रेक कोण दाबतं? आठवीच्या पुढच्यांनी वही घ्या. धाकट्यांनी नुसतं वाचलं तरी चालेल.

आमचं मोटरहोम सामानासकट ३५०० किलो. समजा, कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबला की दर सेकंदाला वेग सात मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. मग थांबायला लागणारं अंतर, वेगाचा वर्ग भागिले सातची दुप्पट. म्हणजे ६२५ भागिले १४, साधारण ४५ मीटर.

आता मागे १४०० किलोची यूट जोडा आणि तिला ब्रेक लावणारं कुणी नाही असं धरा. ब्रेकचा जोर तेवढाच, वजन मात्र ४९०० किलो. वजन ४० टक्क्यांनी वाढलं, म्हणून अंतरही ४० टक्क्यांनी वाढणार. ४५ चे झाले साधारण ६२ मीटर. वाढले किती? सतरा-अठरा मीटर! क्रिकेटच्या पिचची लांबी वीस मीटर असते. म्हणजे जवळजवळ एक अख्खं पिच जास्त. आणि दोन्ही वेळा ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदातले २५ मीटर वेगळेच.

गाडी सुरू करताना हा फरक जाणवत नाही, कारण इंजिन बलदंड असतं. तो कळतो तो समोर एकदम कुणी आल्यावर. आणि त्या वेळी गणित करायला फुरसत नसते.

म्हणून मागच्या गाडीनेही आपल्या वाट्याचा ब्रेक लावला पाहिजे. त्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत धक्क्याची. पुढची गाडी मंद झाली की मागची तिच्यावर रेलते. त्या रेटण्यानेच जोडावरची एक दांडी मागे सरकते आणि मागचे ब्रेक लागतात. दुसरी रीत तारेची. मोटरहोममध्ये ब्रेक दाबला की यूटमध्ये बसवलेलं यंत्र तिथला ब्रेकचा पायडल दाबतं. आमच्याकडे ही दुसरी आहे. तर मुलांनो, मागचा ब्रेक दाबणारं भूत नाही, यंत्र आहे!

आपल्या घाटातली शिकवण

हे शहाणपण आपल्या पूर्वजांना नवीन नव्हतं. बैलगाडी चढावर दमली की गाडीवानाबरोबरचा माणूस चाकामागे दगड लावी, म्हणजे बैलांना दम घेता येई. उतारावर तर जास्तच जपावं लागे, कारण तिथे बैल गाडी ओढत नाहीत, गाडीच बैलांना ढकलते.

मुंबई-पुणे रेल्वेचा बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला. तिथे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ आहे. पुण्याला जाताना कर्जतला कित्येक गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात, ती गाडी ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात. पुढे न लावता मागे का? सगळा भार पुढच्या जोडावर पडू नये म्हणून, आणि मधला जोड तुटलाच तर मागचे डबे घसरत खाली जाऊ नयेत म्हणून. घाट उतरणाऱ्या गाड्यांना तर मधे थांबवून ब्रेकची खात्री करून घेतात. शिवाय काही ठिकाणी मुख्य रुळाला फुटून एक रूळ चढावर नेलेला असतो. गाडी आवरली नाही, तर ती त्या चढावर जाऊन आपोआप मंद व्हावी. सुट्टीत पुण्याला जाल तेव्हा खिडकीतून बघा. तिथेसुद्धा ओढण्यापेक्षा थांबवण्याची काळजी जास्त!

बॉम्बे हिल्सवर काय घडलं

आता माझा धडा. इथे ओटाहुहुहून दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर बॉम्बे हिल्स आहेत. आपल्या मुंबईशी त्यांचा थेट संबंध नाही. 'बॉम्बे' नावाच्या जहाजातून १८६३ मध्ये आलेल्या वसाहतवाल्यांवरून ते नाव पडलं. बोरघाटही त्याच वर्षीचा, हा एक योगायोग.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही रोटोरुआला निघालो होतो. माझी आई पुण्याहून आली होती. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तर यूट बरोबर. मोटरहोम एका जागी उभं करायचं आणि तिला छोट्या गाडीतून फिरवायचं. निघायला उशीर झालेला. माझ्या मुलीने तपासणीची यादी स्वच्छ अक्षरात लिहून काढली होती. ती एकेक ओळ वाचत होती आणि मी मोटरहोमच्या सीटवर बसून "हो, झालं" म्हणत होतो. "हँडब्रेक?" "झालं." "बाबा, पण तुम्ही उठला नाहीत." "अगं, मघाशीच सोडलाय."

बॉम्बे हिल्सचा चढ चढलो. इंजिनाने कुरकूर केली नाही, स्टिअरिंग सरळ, आरशात यूट शहाण्यासारखी मागे. आई म्हणाली, चहा घेऊ या, म्हणून थांबलो. मुलगी उतरून मागे गेली आणि ओरडली, "बाबा, काहीतरी करपल्यासारखा वास येतोय!" यूटच्या मागच्या चाकांजवळून धूर येत होता. चाक इतकं तापलं होतं की जवळ हात नेववेना. हँडब्रेक अर्धा ओढलेलाच राहिला होता.

चहा राहिला बाजूला. सगळ्यांना लांब उभं केलं आणि चाकं आपण होऊन थंड होऊ दिली. तापलेल्या चाकावर पाणी ओतायचं नसतं, लोखंड एकदम निवलं तर तडकू शकतं. पुढे यूट तिथून दुसऱ्या गाडीवर चढवून गॅरेजला गेली, मागचे ब्रेक नवे घालावे लागले आणि सहल एक दिवस उशिरा सुरू झाली. एवढ्यावर निभावलं. अजून अर्धा तास गेलो असतो तर टायरने पेट घेतला असता, आणि पुढच्या गाडीत माझी आई आणि दोन मुलं होती.

मी ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून पगार घेतो. "तपासलं म्हणजे काय केलं ते दाखव" असं रोज कुणाला तरी सुनावतो. आणि घरी? हँडब्रेक सोडल्याचं मला आठवत होतं. खरं तर ते आदल्या दिवशीचं होतं. मनाने तपासलेलं आणि हाताने तपासलेलं यात फरक असतो. मी मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, "यादी माझी होती ना, मग मीच उठून बघायला हवं होतं." मी म्हटलं, नाही बेटा, चूक बसून राहणाऱ्याची.

आमची यादी

आता आमच्या घरी नियम आहे, वाचणारा एक आणि हात लावणारा दुसरा. हात लावल्याशिवाय "झालं" म्हणायचं नाही. यादी ही अशी:

१. गोळा आणि त्यावरची वाटी एकाच मापाची आहे ना? इथे दोन मापं चालतात, ५० मिलिमीटर आणि पावणेदोन इंचांच्या थोडं वर, म्हणजे ४७.६ मिलिमीटर. फरक फक्त अडीच मिलिमीटरचा, म्हणून डोळ्यांना कळत नाही. पण लहान गोळ्यावर मोठी वाटी बसवली तर खड्ड्यात उडून निघू शकते. माप गोळ्यावर कोरलेलं असतं, ते वाचायचं.

२. साखळ्या. जोडाच्या खालून एकमेकींवरून तिरप्या न्यायच्या. जोड सुटलाच तर ए-फ्रेमचं टोक रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतं.

३. दिवे. मोटरहोमचा ब्रेक दाबला की यूटचा लाल दिवा लागतो ना? डावा-उजवा दिवा बरोबर? एकाने मागे उभं राहून बघायचं.

४. यूटमध्ये: किल्ली, स्टिअरिंग मोकळं, गिअर न्यूट्रल. शेवटी हँडब्रेक, हाताने!

५. पहिल्या दहा मिनिटांनी थांबून चारही चाकांजवळ तळहात न्यायचा, पण टेकवायचा नाही. एखादं जास्त गरम वाटलं तर तिथेच थांबायचं.

६. मागच्या गाडीत कुणीही बसायचं नाही. धाकट्याने कितीही हट्ट केला तरी.

पालकांसाठी थोडं

इथे ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर आहे. दोरीने किंवा साखळीने बंद गाडी ओढायची तर ५०, आणि दोन गाड्यांमधलं अंतर चार मीटरपेक्षा जास्त नको. जोडगाडीला ताशी ३० किलोमीटर वेगावरून सात मीटरच्या आत थांबता आलं पाहिजे. वरच्या गणितात ब्रेक नसलेली यूट घालून बघा, उत्तर ६.९ मीटर येतं. म्हणजे कोरड्या रस्त्यावर, नव्या टायरांवर काठावर पास! पाऊस पडला की नापास. साधं क्लास १ चं लायसन्स दोन्ही गाड्यांचं मिळून ६००० किलोपर्यंत चालतं, पण वजन आजचं नव्हे, कागदावरचं कमाल धरायचं. आमचं ३५०० आणि २४०० मिळून ५९०० होतं, म्हणून निभावतं. आणि पुढच्या गाडीपासून दोन नव्हे, चार सेकंदांचं अंतर ठेवा. ते एक पिच तिथेच सापडतं.

सोडवा पाहू!

१. यूटनेही आपला ब्रेक मोटरहोमइतकाच चांगला लावला, तर ताशी ९० वरून थांबायला किती मीटर लागतील?

२. वेग निम्मा केला, तर थांबायचं अंतर निम्मं होईल का? (घाई करू नका. 'वेगाचा वर्ग' हे शब्द पुन्हा वाचा.)

३. हा प्रश्न गणिताचा नाही. या रविवारी आजी-आजोबांना फोन लावाल तेव्हा विचारा, त्यांच्या लहानपणी भरलेली बैलगाडी उतारावरून कशी आवरत? काय लावत, काय बांधत, त्या वस्तूंना काय म्हणत? जे शब्द ते सांगतील ते वहीत लिहून आणा. मला त्यातले सगळे येत नाहीत, आणि मलाही ते शिकायचे आहेत.

उत्तरं शनिवारी वर्गात. आणि हो, घरी जाताना आई-बाबांच्या गाडीचा हँडब्रेक सुटलाय का, ते विचारा. "झालं" असं उत्तर आलं तर म्हणा, "दाखवा!"

– एक पालक